उसना टप

जुन्या मोटारीचे इंजिन बिघडले तर ते खोलून पुन्हा बसवणारा मिस्त्री हैद्राबादेत आजही मिळतो. पत्रा चेपला तर तो ठोकून सरळ करणारा मिळतो, गाद्या विरल्या तर नव्या भरून देणारा मिळतो. परंतु उघड्या गाडीचा घडीचा टप एकदा मोडला, की मालकाची खरी कसोटी लागते. टपाच्या कमानी दुकानात तयार मिळत नाहीत. आणि भंगारात कोठे मिळाल्याच, तर त्या बहुधा दुसऱ्याच सालाच्या गाडीच्या असतात. मग प्रश्न उभा राहतो तो असा : एका सालाच्या गाडीचा टप दुसऱ्या सालाच्या गाडीला लावावा काय? आणि लावलाच, तर ती गाडी पूर्वीचीच राहिली असे म्हणता येईल काय?

हा चार हौशी मोटारवाल्यांचा प्रश्न आहे, सांस्कृतिक पानावर त्याला जागा कशाला, असे कोणी विचारील. पण हे हैद्राबाद आहे. येथे बग्गीखान्यातली बग्गी निघून तिच्या जागी मोटार आली, ती पिढी अजून आपल्या घरांच्या आठवणीत आहे. चौमहल्ला राजवाड्यात आज लोक तिकीट काढून निजामांच्या मोटारी पाहतात. सहाव्या निजामांनी मागवलेली, पण १९११ साली त्यांचे निधन झाल्यामुळे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात येथे आलेली १९१२ ची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट तेथे आहे. लंडनच्या बार्कर कंपनीने तिची बॉडी बांधली. रंग पिवळा, आणि मागे सिंहासनासारखे उंच आसन. अनेक वर्षे दुर्लक्षित राहिलेली ही गाडी दुरुस्त होऊन लोकांपुढे आली, तेव्हा हैद्राबादकरांना आपलाच एक ठेवा परत मिळाल्याचा आनंद झाला. हा आनंद राजवाड्यापुरता नाही. देवड्यांच्या मागल्या चौकात, काचीगुड्याच्या किंवा सुलतानबाजाराच्या जुन्या घराच्या पडवीत, आजोबांची म्हणून एखादी मोटार ताडपत्रीखाली झाकलेली असते. तिचे काय करायचे, हा त्या घराचा प्रश्न आहेच. पण थोडासा तो शहराचाही आहे.

टप म्हणजे केवळ डोक्यावरचे कापड, अशी समजूत असेल तर ती प्रथम दूर केली पाहिजे. ज्यांनी टांग्याचा किंवा व्हिक्टोरियाचा टप उघडमीट होताना पाहिला आहे, त्यांना यातले मर्म चटकन कळेल. गाडीच्या दोन्ही बाजूंना, मागच्या आसनाच्या जवळपास, एकेक खीळ असते. त्या खिळीवर लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा फिरतो, आणि त्या सांगाड्यावर वाफेने वाकवलेल्या लाकडी कमानी बसवलेल्या असतात. सर्वांत पुढची कमान समोरच्या काचेच्या चौकटीवर येऊन टेकते आणि तेथे पकडली जाते. टप उघडा असताना कापड ताणलेले राहिले पाहिजे. मिटला असताना सगळ्या कमानी एकमेकींवर नीट निजल्या पाहिजेत, दाराला किंवा पाठीमागच्या पत्र्याला घासता कामा नयेत. म्हणजे खिळीची जागा, पट्ट्यांची लांबी, काचेची उंची, तिचा कल आणि बॉडीची रुंदी अशा पाच गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असतात. त्यांतील एक बदलली की बाकीच्या चार बिनसतात.

हे बिनसणे किती असते, याचा हिशेब सोपा आहे. खिळीपाशी एका अंशाचा फरक पडला, आणि पुढची कमान तेथून सहा फुटांवर असली, तर ती सव्वा इंच वर तरी राहते किंवा सव्वा इंच खाली तरी येते. मग कारागीर काय करतो? तो जोर लावून ती खाली ओढतो. त्या दिवशी टप बसतो, मालक खूश होतो. पण एप्रिल-मेचे ऊन त्या कापडाला ताणते, जूनचा पाऊस ते आवळतो, आणि दुसऱ्या वर्षी शिवण उसवते, नाही तर खिळीपाशी पत्र्याला चीर जाते. दोष कापडाचा नसतो; चुकीच्या सांगाड्याचा असतो.

आता सालांकडे वळू. येथे सामान्य माणसाची हमखास फसगत होते. दोन गाड्यांमध्ये एका वर्षाचे अंतर असेल तर टप चालेल, दहा वर्षांचे असेल तर चालणार नाही, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात साल हा फार कच्चा साक्षीदार आहे. फोर्डच्या ‘ए’ मॉडेलचेच पाहा. १९२८ ते १९३१ अशी चार वर्षे ही गाडी निघाली. चारही वर्षे इंजिन बव्हंशी तेच. परंतु १९३० सालासाठी कारखान्याने बॉडीच नवी केली. रेडिएटर उंच झाला, चाके एकवीस इंचांऐवजी एकोणीस इंचांची झाली, बॉनेटपासून मागपर्यंतची सगळी रेषा बदलली. त्यामुळे १९२९ आणि १९३० या दोन सालांत अंतर एकाच वर्षाचे असले, तरी टपाच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या गाड्या आहेत. उलट १९३० आणि १९३१ ही सख्खी भावंडे.

त्याच कारखान्याची आधीची ‘टी’ गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत चालली, आणि सगळे जग तिला एकच गाडी समजते. पण तिचा जुना टप ‘दोन माणसांचा टप’ म्हणून ओळखला जाई, कारण तो उभा करायला दोघे लागत. अगदी आरंभीच्या गाड्यांत तर तो पुढच्या बाजूला पट्ट्यांनी ओढून बांधावा लागे. १९२३ च्या मॉडेलमध्ये समोरची काच तिरपी झाली आणि ‘एका माणसाचा टप’ आला. सरळ काचेच्या गाडीला तिरप्या काचेच्या गाडीचा टप लावायचा म्हणजे उंच माणसाची शेरवानी ठेंगण्याला घालण्यासारखेच. बटणे लागतील, अंगावर बसणार नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण युद्धानंतरचे आहे. १९४२ साली अमेरिकेत मोटारींचे कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. युद्ध संपल्यावर १९४६, १९४७ आणि १९४८ या तीन सालांत बहुतेक कारखान्यांनी युद्धापूर्वीचेच साचे पुन्हा बाहेर काढले. समोरची जाळी आणि पट्ट्या बदलून गाडी नव्या सालाची म्हणून विकली. त्यामुळे या काळातल्या एकाच बॉडीच्या गाड्यांमध्ये टपाचा सांगाडा एका सालाचा दुसऱ्याला पुष्कळदा जुळतो. मात्र १९४९ चे मॉडेल आले की ती वाट बंद होते. शिवाय मोठ्या गाड्यांचे टप या सुमारास तेलाच्या दाबाने, विजेच्या मोटरवर उघडू-मिटू लागले होते. तेथे आणखी एक खोच आहे : अमेरिकन गाड्यांची बॅटरी बव्हंशी १९५३ ते १९५६ च्या दरम्यान सहा व्होल्टची बारा व्होल्टची झाली. पुढच्या सालाच्या टपाची मोटर मागच्या सालाच्या गाडीत बसवली, तर कमानी जुळूनही टप जागचा हलणार नाही.

आणि जीप? दुसऱ्या महायुद्धातील जीप विलिस आणि फोर्ड या दोन निराळ्या कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक बनवल्या. पण लष्कराचा दंडक असा, की एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या गाडीला रणांगणावर बसला पाहिजे. म्हणून विलिसच्या टपाच्या कमानी फोर्डला चालतात. १९४७ नंतर मुंबईत महिंद्रांकडे जीप जोडल्या जाऊ लागल्या, आणि १९५३ साली निघालेली उंच बॉनेटची सीजे-३बी पुढे आपल्या तालुक्या-तालुक्यांतून धावली. तोंडवळा तोच, पण बॉनेट उंच झाल्यामुळे समोरच्या काचेची चौकट निराळी झाली, आणि काच निराळी म्हटल्यावर टपाचे मापही आपोआप निराळे झाले. थोडक्यात, कारखाने दोन असले तरी टप एक असू शकतो, आणि नाव एक असले तरी टप दोन असू शकतात. साल विचारू नये, साचा विचारावा.

आमच्या संस्थानातल्या बड्या गाड्यांना तर हाही नियम लागू पडत नाही. रोल्स-रॉइस कंपनी त्या काळी इंजिन आणि चासी तेवढी विकत असे. बॉडी बांधायची ती बार्कर, हूपर यांसारख्या गाडीकारांनी. आणि तीही गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे. कारखान्याचीच ठरीव बॉडी घेऊन निघालेली पहिली रोल्स-रॉइस म्हणजे १९४९ ची सिल्व्हर डॉन. त्यापूर्वीच्या दोन गाड्या एकाच सालाच्या आणि एकाच चासीच्या असूनही त्यांच्या टपात दोन बहिणींच्या स्वभावाइतका फरक असू शकतो. अशा गाडीचा टप दुसरीला लावणे म्हणजे एका शिंप्याने बेतलेली बाही दुसऱ्या शिंप्याच्या अंगरख्याला जोडणे होय. तेथे सुटा भाग शोधण्यापेक्षा जुन्या छायाचित्रांवरून आणि उरलेल्या खिळींवरून कमान नव्याने घडवणे हाच सरळ मार्ग.

मग उसना भाग कधीच वापरू नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. जुन्याला जोड देऊन ते चालवणे ही आपल्या घरांची जुनीच रीत आहे. पैठण हे कालपर्यंत याच संस्थानातले गाव. आजीची पैठणी विरली, तर तिचा पदर आणि काठ काढून दुसऱ्या वस्त्राला लावलेले आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. पण घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असे की पदर कोणाचा आणि अंग कोणाचे. ही माहिती शाबूत होती, म्हणून ती जोड प्रामाणिक होती. मोटारीच्या बाबतीत नेमकी हीच माहिती हरवते. मिस्त्री टप लावतो, रंगाचा हात फिरवतो, आणि दहा वर्षांनी खुद्द मालकाच्या मुलालाही सांगता येत नाही की कोणती कमान आपली आणि कोणती परकी.

याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. परका टप बसत नाही म्हणून पुष्कळदा गाडीच कापली जाते. खिळीची मूळ भोके बुजवून नवी पाडली जातात, काचेची चौकट दोन बोटे छाटली जाते, टपाच्या पट्ट्या तोडून पुन्हा जोडल्या जातात. म्हणजे ज्या गाडीवरून टप काढला ती उघडी पडली, आणि जिला लावला ती कायमची बिघडली. एक गाडी वाचवण्याच्या नादात दोन गेल्या.

हेतू चांगला असूनही इलाज अंगाशी येतो, याचा एक दाखला आपल्या जुन्या संस्थानाच्याच इतिहासात आहे. अजिंठ्याची लेणी तेव्हा निजामांच्या राज्यात होती. चित्रांचे रंग सुटू लागले म्हणून संस्थानच्या पुराणवस्तू खात्याने १९२० ते १९२२ च्या सुमारास इटलीहून चेक्कोनी आणि ऑर्सिनी हे तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटलेले पापुद्रे बसवले, हे मोठेच काम झाले. पण चित्रांवर जो लाखेचा लेप चढला तो पुढे पिवळसर काळपट पडला, आणि तो उतरवण्याचे जिकिरीचे काम नंतरच्या पिढ्यांच्या वाट्याला आले. त्या तज्ज्ञांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्या काळच्या ज्ञानानुसार त्यांनी उत्तमच केले. धडा घ्यायचा तो एवढाच, की जो इलाज मागे घेता येत नाही तो करण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

आता कायद्यानेही या प्रश्नात लक्ष घातले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, आणि चासी, बॉडीचे कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी, ती व्हिंटेज. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढील नोंदणीला पाच हजार. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला नाही. गाडी या व्याख्येत बसते की नाही, हे पाहण्यासाठी राज्याने समिती नेमायची आहे. आता विचार करा : दुसऱ्या सालाचा टप कमानीला कमान जुळून, एकही भोक न पाडता बसवला असेल, तर बॉडीला धक्का लागला असे कोणी म्हणणार नाही. पण त्यासाठी चौकट छाटली असेल, पत्रा कापला असेल, तर ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांपुढे मालक काय उत्तर देणार?

जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाने २०१२ साली तुरीन येथे केलेली सनदही याच दिशेने बोलते. दुरुस्ती शक्य तितकी कमी करावी, जे केले त्याची नोंद ठेवावी, आणि जो भाग बदलला त्यावर ओळखता येईल अशी खूण करावी, असा तिचा आशय आहे. यात आपल्याला परके असे काही नाही. सोनार जुन्या दागिन्यात नवी कडी घालतो तेव्हा जमाखर्चाच्या वहीत एक ओळ लिहितो. तीच ही ओळ.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. लोक म्हणतील, ‘तुमचे शास्त्र खरे, पण गाडी पावसात उभी आहे. मूळ टप मिळेपर्यंत ती सडू द्यायची काय? मुलाच्या लग्नात ती एकदा बाहेर काढावी एवढीच आमची हौस. समितीपुढे जायचे नाही, विकायचीही नाही. मग एवढी चिकित्सा कशाला?’ या म्हणण्यात तथ्य आहे. वापरात नसलेली गाडी लवकर मरते, हे कोणताही मिस्त्री सांगेल. अशा मालकाने खुशाल उसना टप लावावा. आमची मागणी एवढीच, की टपाला गाडीप्रमाणे वळवावे, गाडीला टपाप्रमाणे कापू नये. पट्टी लांब हवी असेल तर निराळी घडवून घ्यावी आणि जुनी तशीच ठेवावी. भोक पाडण्याऐवजी मूळ भोकात बसणारा तुकडा मध्ये घालावा. कमान मोडली असेल तर ती फेकू नये. तिचे माप हाच पुढच्या कारागिराचा नकाशा. आणि उतरवलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावे : कोणत्या गाडीचा, कोणत्या दिवशी काढला, त्याच्या जागी काय लावले. याला पैसे पडत नाहीत. थोडी शिस्त लागते.

शिस्तीइतकीच गरज आहे ती हातांची. वाफेने लाकूड वाकवणे ही सोपी विद्या नव्हे. इंचभर जाडीच्या लाकडाला सुमारे तासभर वाफ द्यावी लागते, आणि बाहेर काढल्यावर क्षणार्धात ते साच्यावर ओढावे लागते. हात अडखळला तर कमान तडकते. टांगे आणि बग्ग्या होत्या तोवर ही कला मोहल्ल्या-मोहल्ल्यात होती. टांगे गेले, सुतार दाराच्या चौकटींकडे वळले, लोहार जाळ्यांकडे. आता जो तो जुमेरात बाजारात नाही तर मुंबईच्या चोर बाजारात तयार तुकडा शोधत फिरतो, याचे खरे कारण नवा तुकडा घडवणारा हात सापडत नाही, हेच आहे. उसन्या टपाची सवय ही कारागिराच्या अभावाची सावली आहे. ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांनी वर्गणी काढून दोन तरुणांना हे काम शिकवले, तर दहा गाड्या कापण्यापासून वाचतील. शहरातल्या औद्योगिक शिक्षण संस्थांनीही इकडे लक्ष द्यावे. मोटारीची मंडळे मिरवणुका काढतात, बक्षिसे देतात; एखादे बक्षीस सर्वांत चकचकीत गाडीऐवजी सर्वांत प्रामाणिक नोंदवहीला द्यायला काय हरकत आहे? आणि जेथे जेथे जुन्या मोटारी लोकांना दाखवल्या जातात, तेथे पाटीवर साल आणि मालक यांबरोबर आणखी एक ओळ असावी : यातले मूळ काय, आणि मागाहून आलेले काय. प्रेक्षकाचा आनंद त्याने कमी होणार नाही. विश्वास मात्र वाढेल.

आमच्या वाचकांना या कामी एक गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे. घरोघरच्या जुन्या आल्बमांत मुंजीच्या, लग्नाच्या, शाळेच्या समारंभाच्या तसबिरी आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या कडेला कोणाची तरी उघडी मोटार उभी आहे. आपण त्या तसबिरीत काका-आत्या शोधतो. मोटारीकडे पाहत नाही. पण टपाला कमानी किती होत्या, पाठीमागची खिडकी कशी होती, टप मिटल्यावर किती उंच राही, याचा दुसरा पुरावा आज कोठेही उरलेला नसेल. तसबिरीच्या मागे साल आणि घराचे नाव लिहून ठेवावे, आणि एखाद्या कारागिराने मागितली तर तिची प्रत त्याला द्यावी. आणि पडवीतले लोखंड भंगारवाल्याला वजनावर देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे, की बाबा, या वाकड्या पट्ट्या कशाच्या? कदाचित ज्या टपासाठी कोणी चार शहरे पालथी घालीत आहे, तो आपल्याच माळ्यावर निजलेला असेल.